विद्यार्थी संघाच्या प्रकल्पात श्रेयनोंद कशी लिहावी

“या प्रकल्पासाठी ज्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य लाभले, त्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींचे आम्ही ऋणी आहोत.” आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्प अहवालांच्या पहिल्या दोन-तीन पानांत हे वाक्य सापडते. समारंभाच्या शेवटी आभारप्रदर्शन करताना ते शोभतेही. सिंथेटिक बायोलॉजीच्या (सजीवांच्या जनुकांत ठरवून बदल करून त्यांच्याकडून नवी कामे करून घेण्याच्या शास्त्राच्या) विद्यार्थी संघाने मात्र ते लिहू नये, कारण त्यातून वाचणाऱ्याला नेमके जे हवे असते तेच कळत नाही: कोणते काम विद्यार्थ्यांनी स्वतः केले, कोणते काम दुसऱ्या कोणी करून दिले आणि कोणत्या ठिकाणी नुसता सल्ला मिळाला.

या क्षेत्रातील विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे आयजेम. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एक छोटा अभ्यासवर्ग म्हणून ती सुरू झाली, २००४ मध्ये पाच संघांची पहिली स्पर्धा झाली आणि २०२२ पासून तिचा अंतिम मेळावा पॅरिसमध्ये भरतो. तेथे प्रत्येक संघाला आपले काम विकीवर, म्हणजे संघाच्या संकेतस्थळावर, मांडावे लागते आणि संघाने काय केले व इतरांनी काय केले, हे वेगवेगळे सांगणारी नोंद देणे ही कांस्यपदकाच्या अटींपैकीच एक अट आहे. अलीकडे त्यासाठी ठरावीक नमुन्याचा फॉर्मही भरावा लागतो. अटींचे तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची नियमावली आधी वाचून घ्यावी. पुढे जे लिहिले आहे ते मात्र स्पर्धेत उतरणाऱ्या आणि न उतरणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या संघांना लागू पडेल.

सोलापुरात असा संघ उभा करायचा म्हटले तर विषय शोधायला लांब जावे लागत नाही. चादरी आणि टॉवेलच्या धंद्याला जोडून आलेल्या रंगकामाचे सांडपाणी आहे, डाळिंबावरचा तेल्या नावाचा जिवाणूजन्य रोग आहे. तेल्याचा जिवाणू बागेत लवकर ओळखता येईल अशी चाचणी तयार करू पाहणाऱ्या एका विद्यार्थी संघाबरोबर मी मार्गदर्शक म्हणून काम केले. श्रेयनोंदीत आम्ही ज्या चुका केल्या आणि नंतर ज्या सुधारल्या, त्यांतून पुढचे बरेचसे शिकायला मिळाले.

पहिल्या दिवसापासून वही

श्रेयनोंद शेवटच्या आठवड्यात आठवून लिहायला बसले की हमखास चुकते. त्या वेळी समोर असलेली, अलीकडे भेटलेली आणि पदाने मोठी असलेली माणसे आठवतात. एप्रिलमध्ये एकदाच येऊन पीसीआरच्या (डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या) यंत्राची अडचण सोडवून गेलेला पदव्युत्तर विद्यार्थी आठवत नाही. म्हणून प्रयोगवहीइतकीच काटेकोर अशी एक वेगळी वही किंवा सामायिक तक्ता पहिल्या बैठकीलाच सुरू करावा. त्यात तारीख, मदत करणाऱ्याचे पूर्ण नाव, तो काय काम करतो आणि कोठे, त्याने नेमके काय केले, त्यासाठी किती वेळ दिला, ते प्रकल्पाच्या कोणत्या भागात वापरले गेले आणि नाव छापण्यास त्याची संमती आहे का, इतके रकाने असले म्हणजे पुरे. वही भरण्याची जबाबदारी एकाच विद्यार्थ्याकडे द्यावी आणि आठवड्याच्या बैठकीत शेवटची पाच मिनिटे त्या वहीसाठी राखून ठेवावीत. ही पाच मिनिटे आम्ही पहिले दोन महिने पाळली नाहीत, आणि त्या दोन महिन्यांच्या नोंदी पुढे फोन करकरून, जुने निरोप चाळून गोळा कराव्या लागल्या.

नोंदीचे वाक्य

श्रेयनोंदीतील प्रत्येक वाक्यात कर्ता आणि क्रियापद स्पष्ट असावे. “मोलाचे मार्गदर्शन लाभले” या वाक्यात मार्गदर्शन कशाचे, कधी आणि त्यामुळे काय बदलले, यांपैकी काहीच नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात एका प्राध्यापकांविषयी असे वाक्य होते: “प्रायमरच्या रचनेसाठी सरांचे बहुमोल सहकार्य मिळाले.” (प्रायमर म्हणजे पीसीआरमध्ये डीएनएच्या कोणत्या भागाच्या प्रती काढायच्या हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे.) हे वाचणारा परीक्षक साहजिकच समजेल की प्रायमर सरांनी तयार केले. प्रत्यक्षात दोन विद्यार्थिनींनी तीन आठवडे बसून प्रायमरच्या चार जोड्या आखल्या होत्या, आणि सरांनी त्या तपासून एका जोडीचे वितळण तापमान (ज्या तापमानाला प्रायमर डीएनएपासून सुटतात ते) दुसऱ्या जोडीशी जुळत नसल्याचे दाखवून दिले होते. सुधारलेली नोंद अशी झाली: “प्रायमरच्या चारही जोड्यांची रचना संघातील दोन सदस्यांनी केली. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ती तपासली आणि तिसऱ्या जोडीचे वितळण तापमान दुसऱ्या एका जोडीशी जुळत नसल्याचे निदर्शनास आणून दिले. त्यानंतर सदस्यांनी ती जोडी नव्याने आखली.” या वाक्यांत सरांचा मान तसूभरही कमी झाला नाही, आणि विद्यार्थिनींच्या तीन आठवड्यांचे काम त्यांच्या नावावर राहिले.

“केले”, “शिकवले”, “तपासले”, “सुचवले”, “दिले”, “परवानगी दिली” ही क्रियापदे वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरू नयेत. कोणी जेल (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करण्याची पद्धत) चालवायला शिकवले असेल तर “शिकवले” असेच लिहावे आणि पुढची जेले कोणी चालवली तेही त्याच्या शेजारी लिहावे. संशोधन नियतकालिकांमध्ये क्रेडिट नावाची १४ भूमिकांची एक सूची वापरली जाते: संकल्पना, पद्धती, संगणकीय आज्ञावली, तपासणी, साधनसामग्री पुरवणे, निधी मिळवणे, पहिला मसुदा लिहिणे इत्यादी. कोणते काम कोणत्या खान्यात बसते असा प्रश्न पडला की ती सूची उपयोगी पडते. मात्र खाने भरले म्हणजे नोंद झाली असे समजू नये, कारण “पद्धती” या एका शब्दामागे सहा महिन्यांचे कष्टही असू शकतात आणि अर्ध्या तासाचे बोलणेही.

सल्ला घेतला पण वापरला नाही, असेही अनेकदा होते. तेही लिहावे. एका तज्ज्ञाने आम्हाला वेगळ्या जनुकावर आधारित चाचणी सुचवली होती; वेळेअभावी ती आम्ही केली नाही. आम्ही नुसते नाव छापले असते, तर आमच्या चाचणीतील उणिवांना त्यांची संमती होती असा अर्थ निघाला असता. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आभारात नाव घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यावी असे सांगते, त्यामागचे कारण हेच आहे: नाव आले की वाचणारा त्याला पाठिंबा समजतो.

मामांचे आडनाव

या विषयात मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते याबद्दल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) लावणारे, काचसामान धुऊन वाळवणारे, ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन भरून ठेवणारे परिचर असतात, आणि सगळे विद्यार्थी त्यांना “मामा” म्हणतात. आमच्या संघासाठी मामा सकाळी सातला येऊन ऑटोक्लेव्ह लावत, कारण नऊ वाजता नियमित प्रात्यक्षिकांसाठी तो लागत असे. निर्जंतुक माध्यम वेळेवर मिळाले नसते तर जिवाणूंची एकही वाढ घेता आली नसती. चार महिने हे चालले. श्रेयनोंदीचा पहिला मसुदा तयार झाला तेव्हा त्यात कुलगुरूंपासून विभागप्रमुखांपर्यंत सर्वांची नावे पदासह होती आणि मामांचा उल्लेख नव्हता. एका विद्यार्थ्याने ते लक्षात आणून दिले, आणि मग कळले की चौदा जणांच्या संघात कोणालाही त्यांचे पूर्ण नाव माहीत नाही. मलाही माहीत नव्हते. याची मला आजही मनापासून खंत वाटते.

तेव्हापासून मी प्रत्येक संघाला सांगतो की ज्यांना आपण मामा, मावशी, काका, दादा म्हणून हाक मारतो, त्यांची यादी सर्वांत आधी करावी आणि त्यांची पूर्ण नावे त्यांनाच विचारून लिहावीत. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे शेजारीशेजारी आहेत. आडनावाचे स्पेलिंग आपल्या अंदाजाने लिहिले तर हमखास चुकते. विकी इंग्रजीत असते, म्हणून रोमन लिपीतील स्पेलिंग त्या व्यक्तीकडून किंवा तिच्या ओळखपत्रावरून घ्यावे. नोंदीत “सहकार्य” असे न लिहिता काम लिहावे: “जून ते सप्टेंबर या काळात सकाळी सात वाजता ऑटोक्लेव्ह चालवून माध्यम आणि काचसामान निर्जंतुक करून दिले.”

क्रम हा आपल्याकडे आणखी एक नाजूक विषय आहे. समारंभात शाल-श्रीफळ कोणाला आधी द्यायचे यावरून मानापमान होतात, आणि तीच सवय लेखनात येते. श्रेयनोंद पदानुसार न लावता कामानुसार लावली की हा प्रश्न बहुतांशी सुटतो. नमुने गोळा करणे, प्रयोगशाळेतील काम, संगणकीय काम, लोकांशी संवाद, निधी, विकी आणि सादरीकरण अशा भागांत नावे विभागावीत, आणि एखाद्याने दोन भागांत काम केले असेल तर त्याचे नाव दोन्हीकडे यावे.

नाव छापल्याने नुकसान होणार असेल तर

श्रेय देणे चांगलेच असते असे आपण गृहीत धरतो. ते नेहमी खरे नसते. आम्ही सांगोल्याकडच्या एका बागेत गेलो होतो. बागायतदारांनी स्वतः झाडाझाडापाशी थांबून तेल्याची पाने दाखवली: आधी पाणी शोषल्यासारखे दिसणारे, मग तेलकट आणि नंतर काळपट होत गेलेले डाग. पावसाचे थेंब उडून आणि छाटणीच्या कात्रीतून हा रोग कसा पसरतो हे त्यांनी आमच्या पुस्तकांपेक्षा सोप्या शब्दांत समजावले, दुसरीकडे हात लावण्याआधी कात्री निर्जंतुक करायला लावली आणि रोगट व निरोगी अशी दोन्ही पाने वेगवेगळ्या पिशव्यांत घालून दिली. आमच्या प्रकल्पातील नमुन्यांचा हा पायाच होता. परत निघताना विद्यार्थ्यांनी “तुमचे नाव आणि बागेचा फोटो टाकतो” असे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “नाव नका टाकू पोरांनो. बागेत तेल्या आहे म्हटलं की व्यापारी दर पाडून मागतो.”

यावर दोन मार्ग असतात आणि दोन्हींचा निर्णय त्या व्यक्तीनेच घ्यायचा असतो. एक म्हणजे नाव न देता काम पूर्ण तपशिलाने लिहिणे: “सांगोला तालुक्यातील एका डाळिंब उत्पादकाने आपल्या बागेतील रोगट व निरोगी पानांचे नमुने दिले आणि रोगाच्या प्रसाराविषयी माहिती दिली, त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.” दुसरा मार्ग म्हणजे नाव द्यायचे, पण रोगट नमुन्यांशी न जोडता केवळ मुलाखत देणाऱ्यांच्या यादीत द्यायचे. त्यांनी पहिला मार्ग निवडला. असे करताना फोटोतील पाटी, गाडीचा क्रमांक, फोटोच्या फाइलमध्ये साठलेले स्थान यांतून बाग ओळखू येणार नाही हेही पाहावे लागते, अन्यथा नाव झाकण्याला काही अर्थ उरत नाही.

संमती तोंडी घेतली तरी ती वहीत तारखेसह नोंदवावी, आणि शक्य असेल तेव्हा मराठीत लिहिलेल्या अर्ध्या पानाच्या पत्रावर सही घ्यावी. त्या पत्रात नाव कोठे छापले जाईल, ते इंटरनेटवर कोणालाही दिसेल आणि ते नंतर काढता येणे अवघड आहे, हे स्पष्ट असावे. अठरा वर्षांखालील विद्यार्थी असतील तर पालकांची संमती घ्यावी. नाव नाकारणाऱ्याला श्रेय मिळत नाही असेही नाही. चाचणीचे निष्कर्ष मराठीत दोन पाने लिहून त्यांच्याकडे नेऊन देणे हा त्यांच्या उपकाराची जाणीव ठेवण्याचा अधिक उपयोगी मार्ग आहे.

वापरलेल्या जनुकांचे आणि साधनांचे श्रेय

माणसांची यादी झाली की अनेक संघ थांबतात आणि ज्या वस्तूंवर प्रकल्प उभा आहे त्यांच्यामागची माणसे राहून जातात. आयजेमच्या संग्रहातील प्रत्येक घटकाला, म्हणजे डीएनएच्या तयार तुकड्याला, क्रमांक असतो; तुम्ही हिरवे चमकणारे प्रथिन वापरले असेल तर बीबीए_ई००४० हा घटक, प्रवर्तक (जनुक सुरू करणारा डीएनएचा भाग) वापरला असेल तर अँडरसन या प्रवर्तकांच्या मालिकेतील कोणता, हे क्रमांकासह लिहावे. अ‍ॅडजीनसारख्या ना-नफा संस्थेकडून प्लास्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) मागवले असेल तर प्लास्मिडचे नाव, ते तेथे जमा करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आणि संस्थेचा क्रमांक असे तिन्ही द्यावे. मागच्या वर्षीच्या संघाची प्रयोगपद्धत घेऊन तिच्यात बदल केला असेल तर मूळ संघाचे नाव, वर्ष आणि तुमचा बदल सांगावा. विकीवरील मजकूर पुन्हा वापरण्याची मुभा असते, पण ती श्रेय देण्याच्या अटीवर असते. मसुदा सुधारण्यासाठी, आज्ञावली लिहिण्यासाठी किंवा भाषांतरासाठी चॅटजीपीटीसारखे साधन वापरले असेल तर कोणत्या भागात वापरले आणि निकाल कोणी तपासला, हे लिहावे.

त्या हिरव्या प्रथिनाचीच एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. एका जेलीफिशमधील या प्रथिनाचे जनुक प्रथम वेगळे करून त्याची प्रत तयार करणारे डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. त्यांना पुढील संशोधनासाठी निधी मिळाला नाही, म्हणून त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळांना पाठवून दिले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल हे प्रथिन शोधणारे ओसामु शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले, तेव्हा प्रॅशर अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे मोटारींच्या एका दुकानाची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी प्रॅशर यांच्या वाट्याचा जाहीर उल्लेख केला आणि त्यांना स्टॉकहोमच्या समारंभाला बोलावले. पाकिटातून आलेली एक छोटी नळी कोणाच्या किती वर्षांच्या कामातून आली आहे हे नोंदवायचे असते ते याचसाठी.

संस्था, पैसा आणि परवानग्या

येथे थोडक्यात सांगता येईल. एखाद्या संस्थेतील व्यक्तीने मदत केली असेल तर ती वैयक्तिक होती की संस्थेच्या वतीने होती, हे त्या व्यक्तीला विचारावे. समजा, सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील एखाद्या शास्त्रज्ञाने तुम्हाला तासभर वेळ दिला, तर “केंद्राचे सहकार्य लाभले” असे लिहिणे योग्य नाही. त्या शास्त्रज्ञाशी कोणत्या विषयावर चर्चा झाली ते लिहावे. संस्थेचे बोधचिन्ह लेखी परवानगीशिवाय वापरू नये. जैवसुरक्षेबाबत विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवरचे काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत येते आणि त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती असते. समितीने मंजुरी दिल्याचे पत्र हातात असेल तरच “मंजुरी दिली” असे लिहावे. समितीच्या एका सदस्याने तोंडी माहिती दिली असेल तर तेवढेच लिहावे.

पैशाच्या बाबतीत कोणी रोख दिले, कोणी डीएनए किंवा रसायने फुकट वा सवलतीत दिली, कोणी प्रवासखर्च उचलला, हे वेगवेगळे सांगावे, आणि देणगीदाराचा प्रकल्पाच्या दिशेवर किंवा निष्कर्षांवर काही अधिकार होता का तेही एका वाक्यात नमूद करावे. टॉवेलच्या कारखानदाराने दिलेल्या पैशातून रंगाच्या सांडपाण्यावर काम होत असेल, तर वाचकाला ते आधी कळायला हवे.

संघातलेही श्रेय

सगळ्यांनी मिळून केले, असे लिहिण्याकडे चांगल्या संघांचा कल असतो, आणि त्यामागची भावना मला समजते. तरीही प्रत्येक सदस्याच्या नावापुढे त्याचे काम यावे. मध्येच परीक्षेमुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा नोकरी लागल्यामुळे संघ सोडणाऱ्यांची नावे गाळली जातात, हा अन्याय आहे. त्यांनी मार्चपर्यंत जे केले ते मार्चपर्यंतचे म्हणून लिहावे. मतभेद झाला तर मार्गदर्शकाने निवाडा करण्याऐवजी प्रयोगवही उघडावी, कारण तारीख आणि अक्षर बहुतेक वाद मिटवतात. मार्गदर्शकांनीही स्वतःबद्दलची नोंद स्वतः तपासावी आणि जास्त लिहिले असेल तर कमी करायला सांगावे. मी माझ्या नावापुढील चार ओळी खोडून दीड ओळ ठेवली.

मसुदा ज्यांचा त्यांना दाखवणे

विकीला ठरावीक मुदत असते आणि ती उलटली की पान गोठते, त्यात बदल करता येत नाही. म्हणून निदान दहा दिवस आधी मसुदा पूर्ण करून प्रत्येकाला त्याच्यापुरती नोंद पाठवावी. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना ती मराठीत किंवा त्यांच्या भाषेत वाचून दाखवावी, आणि “बरोबर आहे का?” एवढेच न विचारता “यात काय चुकले, कोण राहिले?” असे विचारावे.

आम्ही मामांना त्यांची नोंद कागदावर छापून दाखवली. त्यांनी खिशातून चष्मा काढून ती दोनदा वाचली, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर चुकले होते ते बोटाने दाखवले, आणि मग म्हणाले की जुलैमध्ये ते आषाढी वारीला पंढरपूरला गेले होते, त्या आठवड्यात ऑटोक्लेव्ह रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने लावला होता, त्याचेही नाव लिहा. पहारेकऱ्याला शोधून, त्याला विचारून, स्पेलिंग घेऊन ती नोंद मुदतीच्या सहा दिवस आधी पानावर चढली.